वाचून दाखवले, समजले

९ जानेवारी

बारके,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायची रीत आहे. चौदा वर्षांत तुला एक ओळही लिहिली नाही, आता आशीर्वाद कोणत्या तोंडानं लिहू? सरळ कामाचं लिहितो.

काल कोर्टाचं समन्स आलं. बेलीफानं ते दवाखान्यात, नोंदणीच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत हातात दिलं. शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंनी दवाखान्यावर दावा लावला आहे. त्यात मी दवाखान्यातर्फे साक्षीदार आहे. बाईंच्या बाजूला दोन वकिलांची नावं आहेत. पहिलं तुझ्या मोठ्या वकीलबाईंचं आणि दुसरं तुझं. ते मी तीनदा वाचलं. तू अजून आपलं घरचंच आडनाव लावतेस, हे त्या कागदावरून कळलं.

प्रकरण तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. सहा वर्षांपूर्वी बाई आमच्याकडे बाळंत झाल्या. पोट उघडून मूल काढावं लागलं. मूल चौथ्या दिवशी गेलं. पुढे तीन वर्षं दिवस राहिनात म्हणून त्या दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्या, तेव्हा कळलं की त्याच ऑपरेशनमध्ये त्यांच्या नळ्या बांधून टाकल्या होत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. दवाखान्याकडे मात्र संमतीचा कागद आहे. त्यावर त्यांचा अंगठा आहे, खाली ‘वाचून दाखवले, समजले’ असं छापलेलं आहे आणि त्याखाली माझी सही.

माझं मागणं एवढंच, की उलटतपासणीत मला फार खोलात विचारू नका. मी साधा कारकून. तुमचं भांडण मोठ्या डॉक्टरीणबाईंशी आहे. मला का मध्ये ओढता?

आईची तब्येत बरी आहे. ऐकू कमी येतं.

दादा

१७ जानेवारी

बारके,

पत्र परत आलं, न फोडता. सोबत तुझ्या ऑफिसातल्या धाकट्या वकील मुलीची चिठ्ठी होती. ‘आपण समोरच्या बाजूचे साक्षीदार आहात. साक्ष होईपर्यंत आपलं कोणतंही पत्र ताईंना घेता येणार नाही. कृपया वाईट वाटून घेऊ नये.’ शेवटचं वाक्य तिनं स्वतःच्या मनानं घातलं असणार. तू घातलं नसतंस.

तुझी वहिनी म्हणाली, “बघा, बहीण कायद्यानं चालते. तुम्ही कशानं चालता तेवढं एकदा ठरवा.”

तरी लिहितो आहे. पत्रं साक्षीनंतर एकदम पाठवीन. तू आत्ता वाचणार नाहीस म्हटल्यावर लिहायला सोपं जातंय, हे कबूल करतो.

परवा दवाखान्याचे वकील येऊन गेले. गोड माणूस. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, “मास्तर, किती बाळंतिणी येतात तुमच्याकडे महिन्याला?”

“दीडशे तरी.”

“मग सहा वर्षांपूर्वीची एक बाई तुम्हाला आठवणार कशी? आठवत नाही म्हणा. आठवत नाही हे जगात कुणाला खोटं ठरवता येत नाही.”

मला सगळे मास्तर म्हणतात ते तुला माहीत नसेल. ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांना कागद वाचून दाखवायचं काम माझं, म्हणून मास्तर. गावच्या शाळेत प्रार्थनेला मी पुढे उभा राहायचो, तो आवाज इथे कामी आला. पहिली दोनतीन वर्षं मी खरंच वाचायचो. अक्षर न् अक्षर. पुढे गर्दी वाढली. मग मी माझ्या बुद्धीनं एक सोय काढली. बाई दाखल झाली की तिथेच तिच्याकडून तीन कागदांवर अंगठे घ्यायचे. एक दाखल झाल्याचा, दुसरा औषधांचा आणि तिसरा ऑपरेशनचा, रकाने रिकामे ठेवून. कारण कळा सुरू झाल्या की बाई मूठ सोडत नाही, बारके. तेव्हा तिची बोटं उलगडून अंगठा घेणं म्हणजे कसायाचं काम. मला ते बघवत नसे. दयेपोटी केलं मी. नर्सनी नावाजलं, मोठ्या बाईंनी नावाजलं. दुसऱ्या वॉर्डचे कारकून येऊन ती पद्धत शिकून गेले.

मागच्या वर्षी नोटीस आली आणि मी पद्धत बंद केली. दाव्यात ह्यातलं काहीही लिहिलेलं नाही. तुम्हाला हे माहीतच नाही. अंगठा केव्हा घेतला आणि वाचून दाखवलं का, हे सांगू शकणारा माणूस मी एकटाच आहे.

दादा

२ फेब्रुवारी

बारके,

बसवत नाही. फाईल काढायला उठतो आणि कपाटाशी जाऊन कोणती काढायची ते विसरतो. सकाळी देवापुढे बसतो, तर डोळे मिटल्यावर तो छापील कागदच समोर येतो. इतकी वर्षं मला वाटायचं, आपण कुणाचं वाकडं केलं नाही, म्हणून देवापुढे बसायला लाज वाटत नाही. आता पाच मिनिटांत उठतो. तुझ्या वहिनीच्या नजरेतून ते सुटलेलं नाही, पण ती ताटलीवर ताटली आपटते, विचारत नाही.

आज मोठ्या बाई टेबलाशी आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्या टेबलाशी कधी बसल्या नव्हत्या. आज बसल्या. म्हणाल्या, “मास्तर, तिचं गर्भाशय मी उघडलं तेव्हा कागदासारखं पातळ झालं होतं. पुन्हा दिवस गेले असते तर बाई टेबलावर गेली असती. मी तिला मरू द्यायचं होतं का?”

मी म्हणालो, “नाही.”

“मग माझं काय चुकलं?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पुढचे आठ दिवस बाई वॉर्डात होती. तेव्हा सांगता आलं असतं.”

त्यांनी टेबलावरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, “मूल गेलेल्या बाईला हेही सांगायचं? सांगून बघा एकदा.” आणि उठून गेल्या.

तुझी वहिनी रक्तस्रावानं जात होती तेव्हा ह्याच बाई दोन दिवस घरी गेल्या नव्हत्या. माझ्या मुलाला पहिल्यांदा ह्यांनीच माझ्या हातात दिलं. अशा माणसाविरुद्ध मी पिंजऱ्यात उभा राहू? तुला हे सगळं सरळ दिसतं. तुझ्याकडे कलमं आहेत. माझ्याकडे माणसं आहेत.

हे लिहिलं आणि वाटलं, त्या शिवणवाल्या बाईही माणूसच आहेत की. त्या कागद मागायला माझ्याकडे चार वेळा आल्या होत्या. चारही वेळा मी म्हणालो, सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या. कागद माझ्या डाव्या हाताच्या खणात होता. चौथ्या खेपेला त्या म्हणाल्या, “मास्तर, मला भांडायचं नाही. माझ्या पोटाचं काय केलंत तेवढंच वाचून दाखवा.” मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात.

मग त्या आल्या नाहीत. तुमच्या ऑफिसची नोटीस आली, आणि आता समन्सावर तुझं नाव.

२४ फेब्रुवारी

बारके,

उद्या साक्ष. सकाळची सात वाजताची बस आहे. दुपारी जरा निवांत मिळालं म्हणून बसलो आहे. लिहायचं ते आजच लिहिलं पाहिजे. उद्यानंतर लिहिलं तर साक्षीच्या जोरावर लिहिल्यासारखं होईल.

आधी बाईंचं. मला त्या आठवतात. त्यांचा अंगठा उठत नव्हता. सुयांनी टोचून टोचून कातडी अशी झाली होती की शाईचा नुसता डाग पडायचा. मी तीनदा घेतला. त्या हसून म्हणाल्या, “मास्तर, सुईनं खाल्लाय तो. राहू द्या, माझं तोंड बघून ओळखा.” मीही हसलो. तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. ऑपरेशनचं नावही कुणी काढलं नव्हतं. संध्याकाळी मोठ्या बाईंनी निरोप पाठवला आणि रिकाम्या रकान्यात ते मी लिहिलं. माझ्याच अक्षरात आहे. काय लिहितोय ते मला कळत होतं, आणि बाई तेव्हा गुंगीत होत्या तेही. हे आधीच्या पत्रात मी गाळलं होतं.

आता तुझं.

तू चोवीस वर्षांची होतीस. दोन महिने गेले होते. तू टेबलासमोर उभी राहून हळू आवाजात म्हणालीस, “दादा, इथे होतं ना? मला मूल नकोय. परीक्षा आहे माझी. तो माणूसही नको आहे.” मी म्हणालो, “नवऱ्याची सही लागते. नसेल तर वडिलांची.” तू म्हणालीस, “बाबा कुठून आणू?” मी म्हणालो, “मग थोरल्या भावाची.” तुझा चेहरा केवढा खुलला तेव्हा. “म्हणजे तुझीच की रे,” म्हणालीस, आणि माझ्याच खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलंस. मी म्हणालो, “माझा देव मला ही सही करू देणार नाही.”

मग तू कुठल्या तरी गावी कुणा बाईकडे गेलीस. तापानं फणफणून घरी आलीस. तीन आठवडे आईनं तुझं केलं, पण येताजाता एकच बोलायची, “कायद्यात नाही ते करून बसलीस.” ताप उतरल्यावर तू जी गेलीस ती गेलीस. दोन वर्षांनी एक पाकीट आलं. आत कायद्याच्या पुस्तकातल्या एका पानाची झेरॉक्स. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे, दुसऱ्या कुणाच्या संमतीची गरज नाही. बाकी पाकिटात काही नव्हतं.

तुला वाटलं असेल, दादाला माहीत नव्हतं, खेड्यातल्या शाळेत शिकलेला कारकून. मी तुझ्या त्या समजुतीच्या आडोशाला चौदा वर्षं राहिलो. बारके, मला माहीत होतं. त्याच नियमाचं सरकारी परिपत्रक माझ्या टेबलाच्या काचेखाली होतं. तू उभी होतीस तिथून तुला ते उलटं दिसत असणार. जिथे माझ्या सहीचं काही काम नव्हतं तिथे ती लागते म्हणालो आणि मग दिली नाही. आणि जिथे माझ्या सहीवर एका बाईचा सगळा भरवसा होता तिथे कागद न वाचता केली. दोन्ही वेळा मी देवाचं नाव मनात घेतलं होतं.

बसचं तिकीट काढून ठेवलं आहे. काय बोलणार ते अजून नक्की नाही. खोटं लिहीत नाही, खरंच नक्की नाही.

२६ फेब्रुवारी

बारके,

काल तू मोठ्या वकीलबाईंच्या मागे बसून कागद पुढे देत होतीस. चष्मा लागलाय. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. तू होतीस, तरी मला जे समोर दिसलं ते सांगतो. पिंजऱ्यातून वेगळं दिसतं.

दवाखान्याचे वकील उभे राहिले. “हा अंगठा तुमच्यासमोर घेतला?”

“हो.”

“मजकूर वाचून दाखवलात?”

“नाही.”

ते गोडच हसले. “म्हणजे आठवत नाही, असं म्हणायचंय.”

“आठवतंय. वाचला नाही.”

त्यांनी कागद उलटा करून पाहिला, जसं काही माझं उत्तर पाठीमागे छापलेलं असावं. मग न्यायाधीशांना म्हणाले, साक्षीदाराची प्रकृती ठीक दिसत नाही, थोडा वेळ मिळावा. न्यायाधीश मला म्हणाले, “बसायचंय का तुम्हाला?” मी म्हणालो, “नको, बसलो तर उठवणार नाही.” कुणीतरी हसलं.

मग तुझ्या मोठ्या वकीलबाई उठल्या. त्यांना हे अपेक्षित नव्हतं, ते दिसत होतं. हातातले प्रश्नांचे कागद त्यांनी बाजूला ठेवले.

“अंगठा घेतला तेव्हा कागद कोरा होता?”

“छापील होता. रकाने रिकामे होते.”

“कोणतं ऑपरेशन, हा रकाना?”

“तोही.”

“तो कुणी भरला?”

“मी. संध्याकाळी.”

“असं आणखी किती जणींच्या बाबतीत केलंत?”

दवाखान्याचे वकील ताडकन उठले, पण न्यायाधीश म्हणाले, “येऊ द्या.” मी म्हणालो, “पहिली काही वर्षं सोडून, ज्यांना वाचता येत नव्हतं त्या सगळ्यांच्या.” तेव्हा तुझा हात थांबला. एवढंच मी तुझ्याकडे बघितलं.

बाहेर व्हरांड्यात मी शिवणवाल्या बाईंपुढे जाऊन उभा राहिलो. हात जोडणार होतो. त्या म्हणाल्या, “ते राहू द्या मास्तर. मला कळलं तरी. त्या बाकीच्या अजून कुणाकुणाकडे औषधं घेत फिरत असतील. त्यांना कोण सांगणार?”

परतीच्या बसमध्ये मला तेवढंच ऐकू येत होतं. दवाखान्यात आल्यावर निलंबनाचं पत्र टेबलावर होतं. मोठ्या बाई जिन्यात भेटल्या. एका बाजूला सरून त्यांनी मला वाट दिली.

पहिली चारही पत्रं ह्यासोबत पाठवतो आहे. आता घेता येतील ना?

१९ मार्च

बारके,

पत्रं पोचल्याची तुझ्या सहीची पोच आली. उत्तर नाही. ते मागत नाही.

कोर्टानं रजिस्टरं तपासायची परवानगी दिली. ज्यांच्या नळ्या बांधल्या आणि कागदावर माझी सही आहे, अशा एकेचाळीस जणी निघाल्या. त्यातल्या काहींना नंतर सांगितलं होतं, काहींना नाही. नक्की कुणाला नाही ते घरी जाऊनच कळणार. म्हणून तुझी धाकटी वकील येते आणि मी तिच्याबरोबर जातो. आधी ती दारात बोलते. बाईला ऐकायचं असेल तर मी पुढे व्हायचं. काल पहिल्या घरी निघालो तेव्हा ती म्हणाली, “काका, ताईंनी एक गोष्ट बजावून सांगितलीय. तुम्ही क्षमा मागायची नाही.”

“का?”

“मागितली की समोरच्या बाईला ती द्यावी लागते. तेवढंही ओझं तिच्यावर टाकायचं नाही. काय झालं ते सांगायचं, आणि गप्प उभं राहायचं.”

हे तुझंच वाक्य. कुठून आलं ते मी विचारलं नाही.

पहिली बाई विटांच्या भट्टीपलीकडे राहते. वय असेल बत्तीस. अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला काही माहीत नव्हतं. मी सांगितलं, सात वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या वेळी तुमच्या नळ्या बांधल्या. तुम्हाला विचारलं नव्हतं. कागदावर वाचून दाखवलं असं आहे, पण मी वाचलं नव्हतं. आणि गप्प उभा राहिलो.

ती रडली नाही. हातातला ओला सदरा दोरीवर नीट पसरला, चिमटा लावला. मग घराकडे तोंड करून हाक मारली, “अहो आत्याबाई, बाहेर या.” सासू आली. “आता ह्यांच्यासमोर सांगा.” मी सांगितलं. मग तिनं नवऱ्याला बोलावलं. तो जेवता जेवता उठून खरकट्या हातानं आला. “आता ह्यांच्यासमोर.” मी सांगितलं. मग जाऊ. मग कुंपणापलीकडची शेजारीण, जिनं म्हणे तिला बारशाला बोलावणं सोडलं होतं. “हिच्यासमोर सांगा, मोठ्यानं.” तिच्यानंतर आणखी चार वेळा सांगितलं, शाळेत प्रार्थनेला लावायचो त्या आवाजात. चौथ्या वेळी ती सासूकडे बघत होती. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. मग सासूला म्हणाली, “ऐकलंत? सात वर्षं तुम्ही मला जे म्हणत होता, ते आता म्हणा.” सासू ओट्यावर बसली.

मी घरी आलो. आई खिडकीशी बसली होती. मी तिच्यासमोर पाट घेऊन बसलो आणि म्हणालो, “आई, कायद्यात होतं. बारकीची एकटीची सही चालत होती. मला माहीत असून मी नाही म्हणालो.” तिला ऐकू आलं नाही. “काय?” म्हणाली. मी आवाज चढवला. “मोठ्यानं बोल,” म्हणाली. तिसऱ्यांदा मी अक्षरशः ओरडलो. तुझी वहिनी आतून बाहेर आली आणि दारातच थबकली. तिलाही हे माहीत नव्हतं. भिंतीपलीकडेही गेलं असणार.

आईनं मला मारलं असतं तर बरं होतं. आज सकाळपासून तिनं कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. तू दार उघडशील की नाही, मी तिला सांगू शकत नाही. तसं बोलूनही दाखवलं. ती तेही ऐकत नाही. गाडी कितीची आहे, एवढंच विचारते आहे.

दादा